दोन नाक्यांमधली हाक

५ मे, रविवार

पोचले एकदाची लुखाल्वेनीला! शिलाई मशीन, दोन गाद्या, तीन पायांचं लोखंडी पातेलं, सहा कोंबड्या आणि मी, असा सगळा संसार एका पिकअपमध्ये. डोंगर उतरताना कोंबड्यांनी असा काही कलकलाट केला की ड्रायव्हर म्हणाला, बाई, तुमच्या माहेरची माणसं फार बोलतात. मी म्हटलं, सासरची असती तर तू गाडी सोडून पळाला असतास.

आणि घर! दोन खोल्या, नवा कोरा पत्रा, हिरवं दार. ह्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलंय. पलीकडच्या देशात कोळशाच्या खाणीत राबायचं आणि सुट्टी मिळाली की इथे येऊन विटा रचायच्या, अशी किती वर्षं काढली त्यांनी. आता खाणीची बस थेट सरहद्दीच्या नाक्यापर्यंत येते. म्हणजे दर शुक्रवारी नवरा घरी! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही एका छपराखाली राहिलो ते फक्त नाताळात आणि मयताला.

ह्यांचं नाव इथे लिहायला कुणाची भीती? वेलाफी. घ्या, लिहिलं. हात काही झडला नाही. तोंडानं मात्र आजवर एकदाही घेतलेलं नाही. मात्से घराण्याच्या सुना नवऱ्याचं नाव घेत नाहीत आणि सासऱ्यांचं तर नाहीच नाही. सासरे जाऊन जमाना झाला, तरी त्यांच्या नावाशी जुळणारे शब्दसुद्धा आम्ही वळसा घालून बोलतो. दुकानात मीठ मागताना माझी जी त्रेधा उडते ती दुकानदारालाच विचारा.

मागच्या खिडकीतून सगळं गाव दिसतं. पाण्याची निळी टाकी. गाडी कधीच येत नाही असं रेल्वे स्टेशन, तिथे तिकिटाच्या खिडकीत शेळ्या बसतात. आणि नाका. आधी आपला नाका, मग मोकळी पट्टी, मग त्यांचा नाका. पट्टीत एकच वाकडं झाड आहे. शेजारीण लाशोंग्वे नाक्यावर भाजलेली कणसं विकते. तिनं आल्या आल्या माझं माहेर विचारलं, मांबांची लेक कळल्यावर ‘लामांबा’ म्हणून हाक मारली आणि माझ्या पडद्यांना नावं ठेवली. आमचं जमणार बहुतेक.

१० मे, शुक्रवार

हे आले! पण कसे, तर सगळ्यांच्या मागून. रांगेत ज्याला त्याला ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणत बसतात. मी अलीकडे तारेशी पाय आपटतेय आणि हा माणूस कुणा म्हातारीचं बोचकं धरून उभा. मी म्हटलं, अहो, असंच चाललं तर आपल्या घरी तुम्ही पाहुण्यांच्याही नंतर जेवाल. नुसते हसले. मक्याच्या पिठाचा घट्ट सिश्वाला आणि आंबट दूध दोनदा मागून घेतलं, मग दाराच्या बिजागरीला तेल घातलं आणि खुर्चीतच झोपले.

इथल्या बायका मात्र धन्य आहेत. तारेला छाती लावून नवऱ्याला हाका मारतात, त्याही नावानं, बापाच्या नावासकट, वर कुळाची बिरुदं! ऐकून मलाच कानकोंडं झालं. लाशोंग्वे म्हणाली, या नाक्यावर मारायची तर पूर्ण नावानं हाक मारायची, नाहीतर तोंड मिटून उभं राहायचं. का म्हणून विचारलं तर म्हणाली, कणीस खा, गार होतंय.

२ जून, रविवार

शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं. हे परवा आले होते, आज दुपारच्या बसनं परत गेले. मशीनसाठी खिडकीशी एक फळी ठोकून गेले.

संध्याकाळी लाशोंग्वेनं अखेर सांगितलं. दूर कुठे माणूस मेला की घरचं कुणीतरी बोरीची फांदी घेऊन जातं, तो मेला त्या जागी टेकवतं, त्याला नावानं हाक मारतं आणि फांदीबरोबर घरी आणतं. हे काय मला ठाऊक नाही? आमच्या आजोबांना असंच आणलं होतं. बसमध्ये फांदीचं वेगळं तिकीट काढलं होतं. वाटेत त्याला सगळं सांगत यायचं, आता नदी आली, आता बसमध्ये चढतोय. फांदी धरणाऱ्यानं दुसऱ्या कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही.

पण इथे नाका पडतो मध्ये. शिपाई विचारणार, कुठून आलात, काय आणलंत. घाईत कुणी उत्तर देऊन बसतं, कुणी हद्द ओलांडल्याचं सांगायला विसरतं. मग तो मेलेला दोन नाक्यांमध्येच राहतो. लाशोंग्वे म्हणते, ती पट्टी नुसती भरून गेलीये. खाणीतले, उसाच्या मळ्यातले, सगळे बापे. आपली बायको येईल, हाक मारेल म्हणून उभे आहेत आणि वाट बघून बघून स्वतःची नावंही विसरलेत. म्हणून तिथे बिननावाची हाक मारायची नाही. मारली की ज्याला त्याला वाटतं, मलाच मारली.

मी म्हटलं, बाई गं, कणसं खपत नाहीत म्हणून गोष्टी विकायला लागलीस काय. तिनं मला चापट मारली. पण घरी येताना मी त्या झाडाकडे बघितलं नाही, हे खरं.

१२ जून, बुधवार

सकाळी कॉलर लावत होते तर दारात थोरले काका. सासऱ्यांचे भाऊ. टोपी हातात. एवढ्या लांबून आलेत म्हणून मी आधी चहा ठेवायला उठले, ते म्हणाले, पोरी, बस. मी म्हटलं, कोंबडी कापते. ते म्हणाले, बस गं बाई आधी.

खाणीचं छत बसलं. आत होते ते आतच राहिले. बाहेर काढता येणार नाही म्हणतात. तो बोगदाच बंद करून टाकला.

पुरायलासुद्धा काही नाही. एक बूट नाही.

२८ जून, शुक्रवार

आणलं त्यांना. सगळं लिहून ठेवते.

परवा फांदी घेऊन गेलो, मी आणि काका. खरं तर फांदी काकांनीच धरायची, पण त्यांचा श्वास चालताना फुलतो. ते म्हणाले, तू धर, बोलायचं ते मी बोलेन. सासरच्या गावी न्यायचं की इथे, यावर घरात वाद झाला होता. काकांनीच मिटवला. म्हणाले, ज्यानं आपल्या हातांनी भिंती उभ्या केल्या त्याचं घर तेच. देव त्यांचं भलं करो.

बोगद्याच्या तोंडाशी सिमेंट ओतलंय. मी त्यावर फांदी टेकवली आणि काकांनी हाक मारली. पूर्ण नाव, बापाचं नाव, मात्सेंची सगळी बिरुदं. तो म्हातारा इतक्या मोठ्यानं ओरडला की पहाऱ्यावरच्या माणसानंही टोपी काढली. बसमध्ये फांदीला खिडकीची जागा दिली. काका सांगत होते, बाळा, आता पूल आला. बाळा, आता पेट्रोल भरतायत. मी रडत नव्हते. मला खरंच वाटत होतं की आम्ही तिघं घरी चाललोय.

त्यांचा नाका ओलांडला. पट्टीत आलो आणि आपल्या नाक्यावरच्या नव्या साहेबानं काकांना थांबवलं. परदेशातलं झाडपान आणायला शेतीखात्याची परवानगी लागते म्हणे! काका आत गेले भांडायला. महिनाअखेर, गर्दी ही एवढी, नाका बंद व्हायची वेळ. मागून ट्रकवाले भोंगे वाजवतायत, बायका ढकलतायत. मी त्या वाकड्या झाडाखाली फांदी छातीशी धरून उभी. काट्यांनी झंपर फाटला. तेवढ्यात काकांनी ऑफिसच्या खिडकीतून हात केला, सुटलं एकदाचं, घे त्याला, ये पुढे.

म्हणजे हद्द ओलांडल्याचं मीच सांगायचं. नावानं. बापाच्या नावासकट. खिडकीत काका, सासऱ्यांचे सख्खे भाऊ, माझ्याकडे बघतायत. तोंड उघडलं, पण घशातून नावच बाहेर येईना. इतक्या वर्षांची सवय एका क्षणात कशी जाणार? मागच्यानं धक्का दिला आणि मी म्हटलं, अहो, चला. घर आलं.

आणि फांदी जड झाली. खरंच सांगते, इतकी जड की दोन्ही हातांनी पेलवेना. काका धावत आले, त्यांनीही एक टोक धरलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, आला गं, पोरगा आला. नाव घेतलंस ना? मी मान हलवली.

कसली हलवली कोण जाणे. हो अशीच वाटली असेल त्यांना.

२९ जून, शनिवार

आतल्या खोलीत, मागच्या भिंतीशी फांदी ठेवली. बकरा कापला. काकांनी त्यांना सांगितलं, हे तुझं घर, ही तुझी बायको, आता इथे राहा आणि हिला सांभाळ. लाशोंग्वे आली नाही. बोलावलं होतं. दुपारी काका गेले.

मी दार लावलं आणि म्हटलं, अहो, पाहुणे गेले. आता जेवा.

३ जुलै, बुधवार

हे आहेत. माझी खात्री आहे. खुर्ची कुरकुरते. सकाळी मशीनवर बसले की मागून कोळशाचा वास येतो, ह्यांच्या बनियनला यायचा तसाच. मी बडबड करते, ते ऐकतात. ताटात वाढते, संध्याकाळी सिश्वाला वाळून खपली झालेला असतो, म्हणजे त्यांना पोचलं. लोक म्हणतात लामांबा खचली. खचेन कशी? उलट आताच तर ते रोज घरी आहेत. मेल्यावर का होईना, नवरा घरी आला, एवढं तरी माझ्या पदरात पडलं.

६ जुलै, शनिवार

कोंबड्या घरात येत नाहीत. उंबऱ्यापर्यंत येतात आणि माघारी वळतात.

आज कॉलर लावताना कुणीतरी खोकलं. ओला, खोल खोकला. हे कधी खोकत नव्हते. मी म्हटलं, अहो, सर्दी झाली का? खोकला थांबला. मग तो गादीकडून आला. मग दारामागून, पण वेगळा.

९ जुलै, मंगळवार

ताटातल्या सिश्वाल्यावर बोटांचे ठसे आहेत. जाड बोटं, बारीक बोटं. एका ठशाला अंगठाच नाही. ह्यांची बोटं सगळी शाबूत होती, मीच तर त्यांची नखं कापायची.

लाशोंग्वेला बोलावून आणलं. ती उंबऱ्याबाहेरच थांबली, आत नजर टाकली आणि म्हणाली, अगं भवाने, किती जणांना घेऊन आलीस! नाक्यावर काय बोललीस ते सांग. मी सांगितलं. ती पायरीवर मटकन बसली. शिव्या देईल वाटलं, पण तिनं माझा हात धरला आणि रडायलाच लागली. तिचा नवराही त्या पट्टीतच राहिलाय. तिच्या दिरानं फांदी आणली होती, साहेबानं वेळ विचारली आणि त्यानं सांगितली. एवढंच. ती रोज त्याच्या नावानं हाक मारते, पण त्याला आता नाव कळत नाही. तिनं कणसांची टोपली तिथे मांडलीय ती त्याच्यासाठी.

तिनं मला विचारलं, माझाही आला असेल का गं तुझ्याकडे?

११ जुलै, गुरुवार

आज भर दुपारी खोलीच्या मध्यावर उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं म्हटलं. वेलाफी.

सगळे हो म्हणाले.

भिंतीतून, पत्र्याखालून, गादीवरून. हो. हो. हो गं. इतके आवाज. त्यांना कुठलंही नाव चालतं — कुणी देईल ते घेतात. बापाचं नाव जोडलं असतं तर बाकीचे गप्प बसले असते कदाचित. जीभ उचलली. नाही निघालं. थू माझ्यावर!

मग ते विचारायला लागले. लाल गाय व्याली का? आई आहे का अजून? धाकटी चालायला लागली का? मला त्यांची गाय माहीत नाही, आई माहीत नाही. पण कसं सांगू? मी म्हटलं, व्याली. आहे. चालते, पळतेसुद्धा. एक जण रडला. रडण्यानं खिडकीची काच धुरकटली.

दाराशी एक जण आहे, तो काही विचारत नाही. नुसता उभा असतो. तो आत कुठे बसलेलाही नाही. जागाच नाही कुठे.

१२ जुलै, शुक्रवार

मशीनवर बसता येत नाही. मांडीवर हात ठेवतात. गार. आपापल्या बायकोच्या मांडीवर ठेवतात तसे —

मी यांची नाही, हे यांना कसं —

लाशोंग्वे म्हणते, एकच उपाय आहे. दार उघडायचं आणि म्हणायचं, मी तुमची बायको नाही, हे तुमचं घर नाही, माघारी जा. एकदा म्हटलं की जातात. पुन्हा त्या बाईकडे वळत नाहीत, तिनं स्वतः बोलावल्याखेरीज. मग नवी फांदी घेऊन पट्टीत जायचं आणि ह्यांना नावानं आणायचं. पण हे यांच्यातच असले तर? ती म्हणते, असते तर बोलले नसते का? इतके दिवस बायकोसमोर गप्प कोण राहील? अजून तिथेच उभे असतील, बाकीच्यांना पुढे जाऊ देत.

पटतं. ह्यांचं तसंच आहे.

१३ जुलै, शनिवार

नाही म्हणवलं. दार उघडलं होतं. त्यांनी विचारलं, बाहेर का उभी आहेस, आत ये, गारठा आहे.

त्यांना वाटतं हे घर त्यांचं आहे.

१४ जुलै, रविवार

म्हटलं. आज दुपारी. पांढऱ्या झग्यातले भाविक चर्चमधून गात घरी चालले होते, त्यांच्या गाण्याचा आधार घेतला. डोळे मिटले आणि म्हटलं. मी तुमची बायको नाही. हे तुमचं घर नाही. जा माघारी.

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. एकेक बूट वाजला आणि माझ्या अंगावरून गार वारा बाहेर गेला, किती वेळ. एक जण म्हणाला, चुकलं, माफ कर बाई. अंगठा नसलेल्या हातानं दाराची चौकट चाचपली, घराचा निरोप घेतात तशी. मी हुंदके देत उभी होते. मग सगळं शांत. कोंबडी आत आली. कोंबडी आली म्हणून मी हसले.

आणि दाराशी, माझ्या कानाजवळ — बरं, तेंगे. जातो. दार नीट लावून घे.

तेंगे. तेंगेतिले. या गावात माझं नाव कुणालाच ठाऊक नाही. सगळ्यांची मी लामांबा. ते नाव फक्त —

इथेच होते. पहिल्या दिवसापासून. मी नाक्यावर हाक मारली तेव्हा आले होते, सगळ्यांच्या मागून आले होते. जागा नव्हती म्हणून दाराशी. मी त्यांनाही —

धावत अंगणात गेले. नाव घ्यायचं होतं. देवाशपथ, नावच घ्यायचं होतं, बापाच्या नावासकट. जीव एकवटून ओरडले. आणि तोंडातून काय निघावं — अहो! अहो, थांबा! माघारी या!

रस्त्यावर धूळ थांबली. सगळीच थांबली.

वळलेत. सगळे वळलेत. बुटांचा आवाज येतोय, आता धावतायत, मी दार लावून मशीनखाली — पट्टीतलेही असतील, या वेळी फार आहेत, पत्रा वाजतोय — ‘आलो गं’ म्हणतायत, सगळे एकदम, आलो गं, आलो —

यांच्यात हे असतील. असतीलच ना. पण सगळ्यांच्या मागून. दार लावून ठेवलं तर ते पुन्हा बाहेरच —

कडी काढते. सासऱ्यांचं नाव घेते आता, मोठ्यानं घेते, आधी इथे लिहून बघते म्हणजे जीभ वळेल. वेलाफी मात्से, बापाचं नाव —